पेट्रोल संपलं तेव्हा घरी कोण बसलं? विश्रामबागच्या एका अपार्टमेंटचं प्रकरण, जानेवारी २०२४

२०२४ चा पहिला दिवस सोमवार होता. त्या दिवशी देशभर ट्रक आणि टँकरच्या ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि संध्याकाळपर्यंत सांगलीत पंपांवर रांगा लागल्या. कारण सगळ्यांना माहितीये, नवीन भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (२), अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या कायद्यात निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत होती. व्हॉट्सॲपवर सात लाख दंडाचा आकडा पण फिरत होता, पण कलमाच्या मजकुरात दंडाची रक्कम लिहिलेलीच नाही, नुसतं 'दंड' एवढंच आहे. ड्रायव्हर लोकांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर दहा वर्षं, आणि हे म्हणणं चुकीचं आहे असं मला तरी वाटत नाही. पण इथं तो विषय नाही. इथं मला लिहायचंय ते टँकर थांबल्यावर एका बिल्डिंगमधल्या माणसांचं येणं-जाणं कसं बदललं, कुणाचं बदललं आणि नंतर त्यातलं काय टिकलं याबद्दल.

बिल्डिंग सांगलीतल्या विश्रामबागला, मिरज रोडपासून चालत दहा-बारा मिनिटं आत. माझी बहीण तिथं राहते त्यामुळं सगळ्यांशी ओळख, आणि नंतरच्या महिन्यात मी मुद्दाम एकेकाला बसून विचारलं की त्या दिवसांत तुम्ही नक्की काय केलं. जवळजवळ प्रत्येक घरात दोन टू-व्हीलर, निम्म्या घरांत चारचाकी, म्हणजे सांगलीतली अगदी नेहमीची बिल्डिंग. श्रीमंतांची नाही, गरिबांची पण नाही.

आधी पेट्रोल इतक्या पटकन संपलं कसं ते बघू. सोमवारी दुपारपर्यंत पंपांच्या टाक्यांत माल होता. नेहमीच्या दिवशी टू-व्हीलरवाला पंपावर येतो आणि 'शंभरचं टाक' म्हणतो, लिटरचा भाव शंभरच्या वर असल्यामुळं त्याला एक लिटरपेक्षा थोडं कमीच मिळतं. बारा हजार लिटरचा टँकर असेल तर असे बारा हजारांच्या वर लोक त्यावर भागतात. आता त्याच माणसाला मोबाईलवर मेसेज आला की उद्यापासून पेट्रोल बंद, तो घरातल्या दोन्ही गाड्या घेऊन येतो आणि 'फुल कर' म्हणतो. स्कूटरची टाकी पाच-साडेपाच लिटरची, त्यातलं चार-साडेचार लिटर जरी बसलं तरी तोच टँकर पावणेतीन-तीन हजार गाड्यांत संपला. म्हणजे एकाही माणसानं एक किलोमीटर जास्त गाडी चालवलेली नसताना पंप कोरडा पडतो. पंपाच्या टाकीतलं पेट्रोल लोकांच्या टाक्यांत जाऊन बसलं, एवढंच झालं. आणि रांगेत उभा असलेला माणूस वेडा नसतो हो, त्याच्या जागी तो बरोबरच असतो, कारण बाकीचे भरून गेले आणि तो राहिला तर त्यालाच त्रास. टीव्हीवर 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' म्हणून सांगत होते पण ज्यानं २०१९ चा महापूर बघितलाय तो ते ऐकणार नाही. तेव्हा पुणे-बेंगळुरू हायवे कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला, गाड्या दिवसेंदिवस अडकल्या, आणि पेट्रोल-दूध-गॅस सगळ्याची ओढाताण झाली. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाच्या अंगात ती आठवण आहे, त्यामुळं इथं रांग लवकर लागते असं माझं मत.

त्यात जानेवारी महिना. ऊसतोड जोरात चालू, तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षं काढणीला लागलेली, म्हणजे डिझेलला दुसऱ्या बाजूनं मागणी. पंपावर गाड्यांच्या रांगेशेजारी कॅन घेऊन उभं राहिलेल्या शेतकऱ्यांची वेगळी रांग. तिथं भांडणं पण झाली, कॅनमध्ये द्यायचं नाही म्हणून पंपावरचा पोरगा सांगतोय आणि समोरचा म्हणतोय ट्रॅक्टर पंपावर आणू का रानातनं. दोघांचंही खरं होतं.

आता बिल्डिंगमधली माणसं.

दुसऱ्या मजल्यावरचे दादा कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहेत, पहिली पाळी सकाळी सातची. सोमवारी रात्री बाईक रिझर्व्हला लागलेली. जेवून रांगेत गेले, दोन तास थांबले आणि त्यांच्या पुढं आठ-दहा गाड्या राहिल्या असताना पंपवाल्यानं दोरी बांधली. घरी आल्यावर त्यांनी काय केलं तर वहिनींच्या स्कूटरमधलं पेट्रोल नळीनं काढून बाईकमध्ये घातलं. वहिनी गावभागात शिवणाचे क्लास घेतात, दुपारी दोन बॅच असतात, संध्याकाळी येताना आईंची औषधं, भाजी, पोराला ट्यूशनवरून आणणं हे सगळं त्या स्कूटरवर. मी विचारलं की तुम्हाला चाललं का, तर त्या म्हणाल्या, 'न चालायला काय झालं, नोकरी त्यांची, बाटली मीच धरली होती की.' पण मंगळवारी आणि बुधवारी दोन्ही दिवस क्लास बंद राहिला, आणि त्या बॅचच्या बायकांनी महिन्याच्या फीमधून ते दिवस वजा करून मागितले.

वहिनींच्या सासूबाईंचं, म्हणजे घरातल्या आजींचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मिरजेला फिजिओथेरपीला एक दिवसाआड जावं लागायचं. ते पण रद्द. रिक्षानं जाता आलं असतं, पण मंगळवारी रिक्षावाल्यानं जे भाडं सांगितलं ते ऐकून त्याच म्हणाल्या राहू दे, एवढ्यानं काय बिघडतंय. त्यानंतर पुढच्या आठवड्यात पाय जास्त आखडला म्हणून डॉक्टर बोलले.

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. आपण धरून चालतो की पेट्रोल कमी झालं की लोक बिनगरजेच्या फेऱ्या आधी बंद करतील, उगाच चौकात चहाला जाणं वगैरे. त्या बिल्डिंगमध्ये उलटं दिसलं. पहिली बंद झाली ती घरात ज्याचा गाडीवर हक्क सगळ्यात कमी त्याची फेरी. आजींचा दवाखाना, वहिनींचा क्लास, पोरांची ट्यूशन. आणि पुरुष माणसांचं संध्याकाळी विश्रामबाग चौकात जाणं चालूच राहिलं, कारण 'पंपावर काय परिस्थिती आहे बघून येतो' हे कारण मिळालेलं. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, घरात पगार येणं बंद पडू नये म्हणून असंच ठरतं, आणि कुणी बसून ठरवत पण नाही. पण इंधन टंचाईत 'वाहतूक इतकी कमी झाली' असा आकडा जेव्हा काढतात तेव्हा त्या कमी झालेल्या फेऱ्या कुणाच्या होत्या हे बघायलाच पाहिजे. रस्ता मोकळा दिसला म्हणजे अनावश्यक वाहतूक थांबली असा अर्थ काढणं चूक आहे.

बुधवारी दादांनी वेगळं केलं. शेजारच्या कॉलनीतला एकजण त्यांच्याच शेडच्या पुढच्या कारखान्यात, तोंडओळख होती, कधी बोलणं नव्हतं. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की कुपवाडला कोण जातंय, आणि दोघं डबलसीट गेले. आणि हे आजपर्यंत चालू आहे! एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. दोघांचा पेट्रोलचा खर्च निम्म्यावर आला, पाळी एकच असल्यामुळं कुणाला थांबावं लागत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे आता वहिनींच्या गाडीला कुणी हात लावत नाही.

हे टिकलं आणि बाकीचं का टिकलं नाही यावर मी बराच विचार केला. २०१४ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला होता, काही स्टेशनं बंद होती, लोकांना नाईलाजानं दुसरा रस्ता शोधावा लागला. तिकीट कार्डाच्या नोंदींवरून नंतर अभ्यास झाला त्यात दिसलं की संप मिटल्यावर साधारण पाच टक्के लोक त्या नवीन रस्त्यानंच जात राहिले, कारण तो त्यांना जास्त सोयीचा निघाला आणि आधी कधी करून बघितलाच नव्हता. म्हणजे अडचणीत करून बघितलेली गोष्ट जर खरंच बरी असेल तर थोडे लोक ती सोडत नाहीत. पण लंडनमध्ये दुसरा रस्ता होता, म्हणून तर सापडला. जिथं दुसरा रस्ताच नाही तिथं शोधून काय सापडणार?

याचं उदाहरण तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम. कवठेमहांकाळच्या बाजूला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सांगलीतून पंचेचाळीसेक किलोमीटर. चार शिक्षक मिळून एका कारनं जातात, महिन्याला डिझेल वाटून घेतात, म्हणजे बघा ज्याला शहाणपणाचा प्रवास म्हणायचं तो त्या आधीपासूनच करत होत्या. मंगळवारी कारमध्ये डिझेल नाही, चौघांपैकी दोघांनी रजा टाकली. मॅडम आणि अजून एक सर एसटीनं गेले. मिरजेतून गाडी मिळाली, बसायला जागा मिळाली, बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे त्यामुळं पैसे पण कारच्या वाटणीपेक्षा कमीच गेले. हायवेच्या फाट्यावर उतरेपर्यंत सगळं छान. फाट्यापासून शाळा पाच किलोमीटर आत. तिथं काहीच नाही. एरवी कुणी ना कुणी गाववाला बाईकवरून सोडतो, पण त्या दिवशी गाववाल्यांकडं पण पेट्रोल नाही. अर्धा रस्ता चालत, पुढं एका द्राक्षवाल्याच्या ट्रॅक्टरवर. शाळेत पोचल्या तेव्हा पोरं मैदानात बसलेली आणि शिपाई त्यांना सांभाळत होता.

बुधवारी ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. शाळेत कार्यक्रम, मुलींनी भाषणं पाठ केलेली, लुगडी नेसून यायच्या होत्या. मॅडम म्हणाल्या की काहीही झालं तरी जायचंच होतं, म्हणून पहाटे उठून आधीच्या गाडीनं गेल्या आणि फाट्यावर गावातल्या एका पालकानं बैलगाडी पाठवलेली. कार्यक्रम झाला. सांगताना त्यांच्या डोळ्यात पाणी होतं आणि मला पण काय बोलायचं सुचेना.

पण गुरुवारपासून परत कार. त्यांना मी विचारलं, एसटी बरी वाटली म्हणता, स्वस्त पण पडली, मग का सोडली? त्यांचं उत्तर फाट्यावरचे ते पाच किलोमीटर. चाळीस किलोमीटरचा प्रश्न एसटीनं सोडवला आणि शेवटच्या पाच किलोमीटरसाठी पूर्ण पंचेचाळीस किलोमीटर कारनं जावं लागतंय. 'गाडीची सवय लागलीय लोकांना' असं आपण सहज बोलतो, पण मॅडमना कारची आवड नाही, त्यांना स्वतःला चालवता पण येत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. पहिल्या मजल्यावरचा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, विटा, इस्लामपूर, कराड करतो, त्यानं ते दिवस घरी बसून डॉक्टरांना फोनवर भेटला असं दाखवलं, ऑर्डरी नेहमीइतक्याच आल्या म्हणतो, पण कंपनी व्हिजिट मोजते त्यामुळं शुक्रवारी परत रस्त्यावर. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारा पोरगा सायकलवाला, त्याला काही फरकच पडला नाही, उलट त्याची सायकल लोकांनी दूध आणायला मागून नेली.

तळमजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले काका, त्यांच्याकडं इलेक्ट्रिक स्कूटर. त्या दिवसांत अख्ख्या बिल्डिंगची गाडी तीच होती. कुणाची औषधं, कुणाला एसटी स्टँडवर सोडणं, रात्री पार्किंगमध्ये चार्जिंगला लावली की सकाळी परत तयार. काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही. यानंतर सहा महिन्यांत बिल्डिंगमध्ये अजून दोन इलेक्ट्रिक स्कूटर आल्या. हा बदल खरा आहे आणि धुराच्या दृष्टीनं चांगलाच आहे, पण नीट बघितलं तर गाडीवरचं अवलंबून असणं तेवढंच राहिलं, टाकीच्या जागी बॅटरी आली. ज्या आजींना गाडी चालवता येत नाही त्या आधी पेट्रोलच्या स्कूटरवर कुणी नेण्याची वाट बघायच्या, आता चार्जिंगच्या स्कूटरवर नेण्याची बघतील.

संप तसा लवकर मिटला. मंगळवारी २ तारखेला रात्री तेव्हाचे केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला आणि ट्रकमालकांच्या संघटनेची दिल्लीत बैठक झाली, ते कलम संघटनेशी चर्चा केल्याशिवाय लागू करणार नाही असं सरकारनं सांगितलं. पुढं १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली तेव्हा १०६ (२) तेवढं बाजूला ठेवलं. पण बैठक झाली म्हणून लगेच पंपावर पेट्रोल येत नाही, डेपोत टँकर भरायला रांग, मग तिथून पंपापर्यंत, आणि रिकाम्या टाक्या घेऊन लोक उभेच. बुधवारी दुपारनंतर कुठं हळूहळू सुरळीत झालं.

नंतर काय राहिलं? कुपवाडची डबलसीट राहिली, दोन इलेक्ट्रिक स्कूटर आल्या. आणि तिसरी सवय जवळजवळ सगळ्या घरांत राहिली ती म्हणजे टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. पूर्वी रिझर्व्हला लागल्याशिवाय पंपाकडं न बघणारी माणसं आता अर्ध्यावर आली की भरतात. प्रवास तेवढाच, किलोमीटर तेवढेच, फक्त साठा वाढला. जगभर साधारण असंच दिसतं. २००० च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये शेतकरी आणि ट्रकवाल्यांनी इंधनावरच्या करासाठी रिफायनऱ्यांचे दरवाजे अडवले, स्टॅनलोच्या रिफायनरीपासून सुरुवात झाली, थोड्या दिवसांत बहुतेक पंप कोरडे, रस्ते मोकळे, आणि माल सुरू झाला की रस्ते परत भरले. श्रीलंकेत २०२२ ला टंचाई महिनोन् महिने चालली, तिथं क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा ठरवला, सुरुवातीला बाईकला ४ लिटर आणि कारला २० लिटर, आणि लोकांनी खरंच सायकली घेतल्या. पण तिथं त्यासाठी देश कोलमडावा लागला. तशी टंचाई यावी आणि मग लोक सुधारावेत असं म्हणणाऱ्याला मी आजींच्या गुडघ्याचं सांगेन.

माझं म्हणणं असं की तीन दिवसांच्या टंचाईनं सवय मोडत नाही, पण घर, काम, शाळा आणि दवाखाना यांच्यामध्ये रस्ता कुठं तुटलाय ते ती अगदी बोट ठेवून दाखवते. विश्रामबाग ते मिरज किंवा सांगली एसटी स्टँड या पट्ट्यात सिटी बस आहे, वडाप (शेअर जीप) आहे, रिक्षा आहेत, तिथं ज्यांचं काम त्यांनी कसंतरी भागवलं. पण मेन रोड सोडून आत वळलं की संपलं. कुपवाड एमआयडीसीत पहिल्या पाळीला सातच्या आत पोचवणारी बस दादांना सापडली नाही, आणि हजारो माणसं तिथं रोज एकाच वेळी जातात-येतात, म्हणजे बस भरणार नाही असं तर कुणी म्हणू शकत नाही. पाळीची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, माणसं ठरलेली, यापेक्षा सोपी बस फेरी कुठली असेल मला सांगा.

आणि पंपांच्या बाबतीत एक. त्या दिवशी आमच्याकडच्या एका पंपावर मॅनेजरनं सोमवारी दुपारीच टू-व्हीलरला दोनशेच्या वर द्यायचं नाही असं ठरवलं. लोकांनी शिव्या घातल्या, पण तो पंप मंगळवारी रात्रीपर्यंत चालला, बाकीचे सोमवारी रात्रीच बंद झाले. वरच्या हिशोबानं बघा, दोनशेचं म्हणजे दोन लिटरच्या आतच, म्हणजे एका टँकरमध्ये दुपटीपेक्षा जास्त लोक. असा नियम टंचाईच्या पहिल्या तासातच जिल्ह्यातल्या सगळ्या पंपांना एकदम लागू झाला आणि ॲम्ब्युलन्स, दूधगाडी यांच्यासाठी थोडा साठा वेगळा राहिला तर निम्मी घबराट तिथंच थांबेल. उद्या कारण संप असेल, पूर असेल नाहीतर अजून काही, रांग लागायची पद्धत तीच राहणार.

मॅडमच्या गावच्या लोकांनी फाट्यापासून गावापर्यंत सकाळी शाळेच्या वेळेला एक आणि संध्याकाळी एक गाडी सोडा म्हणून आगाराला अर्ज दिलाय, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून. त्या गाडीचा उपयोग नुसत्या शिक्षकांना नाही, आठवीनंतर तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुली आज तेच पाच किलोमीटर चालत येतात. गाडी सुरू झाली तर कारमधले चौघंपण एसटीनं जायला तयार आहेत, त्यांच्या सह्या त्या अर्जावर आहेत.